विश्लेषण : ‘पोटॅटो’च्या अनेकवचनात ‘ई’ येतो, मग ‘फोटो’च्या का नाही?

१५ जून १९९२. अमेरिकेचे तत्कालीन उपाध्यक्ष डॅन क्वेल न्यू जर्सीतील ट्रेन्टन शहरातल्या एका शाळेत गेले होते. स्पेलिंगची स्पर्धा सुरू होती. बारा वर्षांच्या एका विद्यार्थ्याने फळ्यावर ‘पोटॅटो’चे स्पेलिंग अचूक लिहिले. क्वेल यांनी त्याला शेवटी आणखी एक अक्षर जोडायला सांगितले. मुलाने मुकाट्याने ‘ओ’पुढे ‘ई’ लिहिला आणि बरोबर असलेले उत्तर चुकले. क्वेल यांच्या हातात शाळेनेच दिलेल्या कार्डावर ते स्पेलिंग तसे छापलेले होते, पण हा खुलासा फारसा कुणी मनावर घेतला नाही. निवडणुकीचे वर्ष होते आणि टीव्हीवरच्या विनोदवीरांना आयता विषय मिळाला. आजही क्वेल यांचे नाव निघाले की आधी बटाटा आठवतो.

मात्र त्यांची गल्लत अगदीच निराधार नव्हती. ‘टो’ (पायाचे बोट), ‘फो’ (शत्रू) या शब्दांत ‘ओ’नंतर ‘ई’ आहेच. ‘पोटॅटो’च्या अनेकवचनातही तो येतो. ‘फोटो’च्या अनेकवचनात मात्र नुसता ‘एस’ पुरतो. इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलांचे गुणही नेमके इथेच जातात.

ओकारान्त शब्द इंग्रजीत आले कुठून?

बहुतेक बाहेरून. इंग्रजीचे स्वतःचे, शेवटी ‘ओ’ लिहिले जाणारे शब्द म्हणजे गो, नो, सो, टू, डू, हू असे चिमुकले. लांब देशी शब्दांत हाच उच्चार आला तर तिथे ‘ओ’पुढे ‘डब्ल्यू’ लावतात. विंडो, शॅडो, फॉलो ही त्याची उदाहरणे. त्यामुळे लांबलचक शब्दाच्या टोकाला उघडा ‘ओ’ दिसला की तो बहुधा परका समजावा.

पियानो, सोलो, सोप्रानो हे संगीतातले शब्द इटालियन. मॉस्किटो स्पॅनिश, मूळ अर्थ ‘छोटी माशी’. काही शब्द तर लॅटिन भाषेतील अख्खी वाक्ये आहेत. ‘व्हेटो’ म्हणजे ‘मी मनाई करतो’, ‘प्लॅसिबो’ म्हणजे ‘मी खूश करीन’. औषध नसलेल्या गोळीला याहून प्रामाणिक नाव सापडणे कठीण.

भारतानेही हातभार लावला आहे. ‘इंडिगो’ म्हणजे नीळ, या शब्दाच्या मुळाशी ‘भारतीय’ असाच अर्थ आहे. ‘पोलो’ बाल्टिस्तानातील बाल्टी भाषेतला, तिथे त्याचा अर्थ चेंडू. आणि ब्रिटिश बोलीत ‘एक नजर टाकणे’ या अर्थाने वापरतात तो ‘डेको’ म्हणजे गोऱ्या सैनिकांनी इथून उचलून नेलेला हिंदी ‘देखो’.

मूळ शब्दातही ‘ओ’ होता का?

खरी गंमत इथे आहे. अनेक शब्दांत तो नव्हताच. स्पॅनिशमध्ये बटाट्याला ‘पाताता’ म्हणतात, इंग्रजीने त्याचे ‘पोटॅटो’ केले. टोमॅटो मेक्सिकोतील नाव्हाटल भाषेतून स्पॅनिशमध्ये ‘तोमाते’ होऊन आला. इंग्रजीतही तो आधी जवळजवळ तसाच लिहीत, पण शेजारच्या बटाट्याचे पाहून त्यालाही ‘ओ’ चिकटला. आंब्याचे तेच. दक्षिण भारतातला शब्द पोर्तुगीजांनी ‘मांगा’ म्हणून उचलला आणि इंग्रजांनी त्याचा ‘मँगो’ केला. स्पॅनिश किंवा पोर्तुगीज शब्द म्हणजे शेवटी ‘ओ’ असायचाच, असा इंग्रजांचा ठाम समज झाला असावा. ‘नो प्रॉब्लेमो’ हे तर थेट अमेरिकी रस्त्यावर घडलेले स्पॅनिश. खऱ्या स्पॅनिशमध्ये ‘प्रोब्लेमा’ म्हणतात.

या बाबतीत मराठी अधिक इमानी ठरली. पोर्तुगीजांचा ‘बटाटा’ आपण जवळजवळ आहे तसा ठेवला.

मग ‘ईएस’ कुठे लावायचे?

ढोबळ अंदाज असा, की शब्द इंग्रजीत जितका मुरलेला, तितकी ‘ईएस’ची शक्यता जास्त. पोटॅटो, टोमॅटो, हीरो, एको, व्हेटो हे जुने रहिवासी, त्यांना ‘ईएस’ लागते. कापून आखूड केलेल्या शब्दांना नुसता ‘एस’. फोटो हा ‘फोटोग्राफ’चा तुकडा, किलो ‘किलोग्रॅम’चा, मेमो ‘मेमोरँडम’चा, ऱ्हायनो ‘ऱ्हायनोसेरस’चा. पियानोही मुळात ‘पियानोफोर्टे’. संगीतातील इटालियन शब्दही सहसा ‘एस’वर भागवतात. ‘ओ’च्या आधी स्वर असेल, तर प्रश्नच मिटतो. रेडिओ, व्हिडिओ, स्टुडिओ, झू यांना फक्त ‘एस’.

मधल्या पट्ट्यात मात्र सावळागोंधळ आहे. मँगो, झिरो, कार्गो, मोटो, व्होल्कॅनो यांची दोन्ही रूपे शब्दकोशांना मान्य आहेत. तेव्हा मुलाने ‘मँगो’च्या अनेकवचनात ‘ई’ लिहिला किंवा गाळला, तरी त्यावर लाल फुली मारण्याआधी शिक्षकांनी शब्दकोश उघडलेला बरा.

मराठीने या ‘ओ’चे काय केले?

मराठीत ओकारान्त नामे मोजकीच. व्याकरणाच्या पुस्तकात हमखास भेटते ती ‘बायको’, तिचे अनेकवचन ‘बायका’. पण या वळणावर कुणी ‘फोटा’ म्हणत नाही. फोटो, रेडिओ, व्हिडिओ आपण पुल्लिंगी धरले आणि ‘लाडू’सारखे अनेकवचनात न बदलणारे ठरवले. एक फोटो, दहा फोटो. विभक्ती लागली की मात्र अनुस्वार येतो : फोटोंचा अल्बम, व्हिडिओंची यादी. म्हणूनच बाजारात आपण ‘दोन किलो बटाटे आणि एक किलो टोमॅटो’ मागतो. बटाटा आकारान्त म्हणून बदलला, टोमॅटो इंग्रजीतून ‘ओ’सकट आला म्हणून तसाच राहिला. ‘किलो’ही जागचा हलत नाही.

कोकणी आणि मालवणीत चित्र वेगळे. तिथे पुल्लिंगी नामाचा ‘ओ’ अस्सल घरचा. मराठीतला घोडा तिथे घोडो, आंबा आंबो आणि अनेकवचन घोडे, आंबे. म्हणजे इंग्रजांच्या ‘मँगो’तला शेवटचा ‘ओ’ सावंतवाडीत किंवा पणजीत मुळीच परका वाटू नये!

‘टेम्पो’ची कथा तर थेट पुण्याची. इटालियनमध्ये टेम्पो म्हणजे वेळ, संगीतात लय, जर्मनमध्ये वेग. याच नावाच्या जर्मन कंपनीच्या सहकार्याने ‘बजाज टेम्पो’ने इथे तीनचाकी मालवाहू गाड्या बनवल्या. २००५ मध्ये ही कंपनी ‘फोर्स मोटर्स’ झाली, पण घर बदलताना आजही लोक ‘टेम्पो’च बोलावतात, मग गाडी कोणत्याही कंपनीची असो. मेट्रोचा प्रवास त्याहून लांबचा. लंडनमध्ये १८६३ साली भुयारी ‘मेट्रोपॉलिटन रेल्वे’ सुरू झाली, फ्रेंचांनी पॅरिसमधील अशा रेल्वेच्या लांबलचक नावाचे ‘मेत्रो’ केले आणि तोच तुकडा आता मुंबई, पुणे, नागपूरच्या स्थानकांवर दिसतो. इंग्रजीत त्याच्या अनेकवचनाला फक्त ‘एस’ लागतो. मराठीत ‘दोन मेट्रो सुटल्या’ म्हटले की झाले, कारण आगगाडीच्या ओढीने मेट्रो आपल्याकडे स्त्रीलिंगी झाली आहे.