मालात खोट आहे का?

यंदा प्रवेशाच्या दिवसांत आमच्या नवी मुंबईतल्या महाविद्यालयात एक गृहस्थ मुलाला घेऊन माझ्या टेबलापाशी आले. वाशीच्या घाऊक बाजारात माथाडी, मूळचे साताऱ्याकडचे. मुलाला मराठी घेऊन बी. ए. करायचे होते. फीचा तक्ता पाहून गृहस्थ चपापले. "सर, शेजारच्या खिडकीला म्यानेजमेंटची येवढी फी, आन् तुमचं येवढं स्वस्त? मालात काय खोट हाय का?"

जन्मभर बाजारात पोती वाहिलेल्या माणसाचा प्रश्न! मी हसलो खरा. पण, वाचकहो, उत्तर चटकन सुचेना. माझ्या विषयाला सरकारी अनुदान आहे. शेजारचा अभ्यासक्रम विनाअनुदानित, त्याचा सगळा भार पालकांच्या खिशावर. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली, तेव्हा आपली मुले देणग्या मोजून कर्नाटकात जात होती. हेतू काही वाईट नव्हता. पुढे २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायमूर्तींनी सांगितले की, अशा संस्थांनी आपली फी ठरवावी, वाजवी शिल्लकही ठेवावी, मात्र नफेखोरी नको. या दोहोंमधली रेघ पालकाने कोणत्या चष्म्यातून पाहायची?

इकडे अनुदानित विभागात प्राध्यापक निवृत्त झाला की जागा वर्षानुवर्षे रिकामी. ती तासांवर मानधन घेणारी तरुण मंडळी चालवतात. आमच्या एक बाई सकाळी इथे, दुपारी दुसऱ्या महाविद्यालयात. जेवणाचा डबा लोकलच्या डब्यातच उघडतो.

"खोट नाही हो," अखेर मी म्हणालो, "यातले बरेचसे पैसे सरकार भरते."

गृहस्थांनी मान डोलावली. अर्जाची नीट घडी करून खिशात घातली आणि मुलाचा हात धरून ते शेजारच्या रांगेत जाऊन उभे राहिले.