टोयोटाची ताकद कुठे आहे? काम थांबवण्याच्या दोरीत!

वाणिज्य शाखेच्या मुलांना एखाद्या जागतिक कंपनीची बलस्थाने आणि संधी लिहायला सांगा, उत्तरं ठरलेली असतात. नाव मोठं, भांडवल भरपूर, जगभर जाळं. चूक काहीच नाही, पण हे कुठल्याही मोठ्या कंपनीला चालतं. ती मोठी का झाली, हे त्यातून कळतच नाही. म्हणून आज एकच कंपनी घेऊ या, टोयोटा. २०२० पासून सलग काही वर्षे जगात सर्वाधिक गाड्या याच उद्योगसमूहाने विकल्या.

सुरुवात मोटारीने नाही, मागाने झाली. साकिची टोयोडा यांच्या १९२४ च्या यंत्रमागात ताण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. इचलकरंजी-मालेगावच्या पालकांना याचं मोल सांगायला नको! धागा तुटूनही माग चालत राहिला तर पुढचं सगळं कापड वाया. शिवाय माग स्वतःच थांबतो म्हटल्यावर एकच कामगार कितीतरी माग सांभाळू शकतो. पुढे १९२९ मध्ये या मागाच्या पेटंटचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सला विकले गेले. साकिचींचे चिरंजीव किइचिरो मोटारीकडे वळले आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटर कंपनी उभी राहिली.

मागाची ती युक्ती मोटारीच्या कारखान्यात आली दोरीच्या रूपाने. कामगाराला दोष दिसला की तो डोक्यावरची दोरी ओढतो, दिवा लागतो, गटप्रमुख धावत येतो. ठरलेल्या वेळात दोष दूर झाला नाही तर अख्खी लाईन थांबते. दोरी ओढणाऱ्याला कोणी रागावत नाही, अशी अपेक्षा असते.

दुसरी गोष्ट साठ्याची. १९५० मध्ये गाड्या न खपल्याने कंपनी बुडायच्या बेतात होती. कामगारकपात झाली, संप झाला, किइचिरोंनी राजीनामा दिला. ताइइची ओनो यांनी घडवलेल्या पद्धतीत सुटे भाग लागतील तेव्हा, लागतील तेवढेच मागवतात. डबा रिकामा होत आला की किराणा भरावा, तसं. इथे मुलांना जरूर थांबवून विचारा : साठा कमी ठेवला की फक्त पैसे वाचतात का? नाही. साठा मोठा असला की खराब भाग बाजूला टाकून दुसरा घेता येतो आणि दोष झाकला जातो. साठा नसला की दोष लगेच उघडा पडतो. म्हणजे दोरी आणि कमी साठा या दोन गोष्टी एकमेकींशिवाय चालत नाहीत. अनेक कंपन्यांनी साठा कमी केला, दोरी मात्र दिली नाही!

टोयोटाच्याच घरात ही दोरी कुठे ओढली गेली नाही, तेही सांगायला हवं. तिच्या मालकीच्या दाइहात्सू कंपनीत सुरक्षा चाचण्यांमध्ये वर्षानुवर्षे गैरप्रकार झाल्याचं २०२३ मध्ये उघड झालं. नवी गाडी ठरल्या मुदतीत आणण्याचा दबाव इतका, की खालच्यांना "जमत नाही" म्हणता येईना.

आता संधी. विजेच्या गाड्यांत टोयोटा मागे पडली, हे खरं. २०२२ मध्ये आणलेली तिची बीझेडफोरएक्स चाकाचे बोल्ट सैल होण्याच्या भीतीने लगेच परत बोलवावी लागली. पण १९९७ च्या प्रियसपासून तिने हायब्रिड गाडी सोडली नाही. पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणारी ही गाडी प्लगला लावावी लागत नाही. त्यामुळे चार्जिंगची सोय तुटपुंजी आहे अशा देशांत तिला वाव आहे. माझ्या मते टोयोटाची जवळची संधी हीच.

भारतात तिने भागीदारीची वाट धरली. इथे किर्लोस्कर समूह तिचा भागीदार आहे. मारुतीची बलेनो टोयोटाच्या नावाने ग्लान्झा म्हणून विकली जाते, तर मारुतीची ग्रँड व्हिटारा टोयोटाच्या बिडदीच्या कारखान्यात तयार झाली. २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगर इथे सुमारे २०,००० कोटी रुपयांच्या प्रकल्पासाठी महाराष्ट्र शासनाशी सामंजस्य करार झाला. करार म्हणजे कारखाना नव्हे, हे मुलांना सांगावं. बिडदीला मात्र २००७ पासून कंपनीची प्रशिक्षण संस्था आहे. ती ग्रामीण भागातल्या दहावी झालेल्या मुलांना घेते.