लोकगीतांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांचा पुनर्शोध : स्वरूप, महत्त्व आणि खानदेशातील गरज

प्रस्तावना

लोकसाहित्याच्या अभ्यासात लोकगीत हे प्रामुख्याने 'संहिता' म्हणून पाहिले गेले आहे. संकलकाने गीत ऐकावे, उतरवून घ्यावे, त्याचे वर्गीकरण करावे आणि ग्रंथरूपाने प्रसिद्ध करावे, ही महाराष्ट्रातील रूढ पद्धती होय. डॉ. सरोजिनी बाबर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीने या मार्गाने फार मोठी संपदा वाचविली. तथापि, लोकगीत हे मूलतः गाण्यासाठी असते. त्याची चाल, लय, उच्चार आणि श्वासाची जागा कागदावर उतरत नाही. म्हणूनच जुन्या ध्वनिमुद्रणांचा शोध हा अभ्यासाच्या साधनांचा प्रश्न ठरतो. प्रस्तुत लेखात या पुनर्शोधाचे स्वरूप स्पष्ट करून खानदेशच्या संदर्भात त्याची गरज मांडली आहे.

ध्वनिमुद्रिकेचे आगमन

भारतात ग्रामोफोन कंपनीचे पहिले ध्वनिमुद्रण १९०२ च्या नोव्हेंबरमध्ये कलकत्ता येथे फ्रेड गैसबर्ग याने केले. गौहरजान या गायिकेचा आवाज त्या वेळी मुद्रित झाला. १९०८ च्या सुमारास कलकत्त्याजवळ ध्वनिमुद्रिकांचा कारखाना सुरू झाला. या मुद्रिका लाखेपासून बनत. दहा इंची मुद्रिकेच्या एका बाजूस साधारण तीन मिनिटांचे गाणे मावत असे. मराठीत नाट्यसंगीत, लावणी, पोवाडा आणि पुढे भावगीत यांना या तीन मिनिटांच्या चौकटीत बसविण्यात आले. कंपनीची दृष्टी व्यापारी होती. जे विकले जाईल ते मुद्रित होई. त्यामुळे जात्यावरची ओवी, झोक्यावरचे गीत, लग्नातील हळदीचे गाणे हा स्त्रियांचा घरगुती गायनप्रवाह बहुतांशी मुद्रिकेबाहेर राहिला.

याच काळात भाषाशास्त्रीय हेतूनेही ध्वनिमुद्रण झाले. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाला जोडून १९१३ ते १९२९ या काळात अनेक भाषा-बोलींचे नमुने ग्रामोफोनवर घेण्यात आले. ते आज शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाविषयक डिजिटल ग्रंथालयामुळे ऐकता येतात. खानदेशीचा समावेश ग्रिअर्सन यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिल्ली भाषांबरोबर केला. या वर्गीकरणाविषयी पुढे मतभेद झाले. बोलीविषयीच्या अशा वादात लिखित नमुन्यापेक्षा प्रत्यक्ष आवाजाचा पुरावा अधिक बोलका ठरतो, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

जुन्या मुद्रिकांच्या पद्धतशीर नोंदीचे कार्य दीर्घकाळ संग्राहकांनीच केले. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेचे आणि तिचे प्रवर्तक डॉ. सुरेश चांदवणकर यांचे कार्य या दृष्टीने उल्लेखनीय आहे.

आवाजावरून गायकापर्यंत

पुनर्शोध म्हणजे हरवलेली तबकडी सापडणे एवढेच नव्हे. अमेरिकेतील एक उदाहरण उद्बोधक आहे. मिसिसिपी जॉन हर्ट या कृष्णवर्णीय शेतमजूर गायकाने १९२८ मध्ये काही ब्लूज गीते मुद्रित केली. मुद्रिका फारशा खपल्या नाहीत आणि गायक विस्मृतीत गेला. १९५२ मध्ये हॅरी स्मिथ यांनी जुन्या मुद्रिकांतून सिद्ध केलेल्या लोकसंगीत-संकलनात त्याची गीते आली. पुढे त्याच्या एका गीतातील 'अ‍ॅव्हलॉन' या गावाच्या उल्लेखावरून टॉम हॉस्किन्स हा तरुण १९६३ मध्ये त्या गावी पोहोचला. हर्ट तेथेच राहत होता. आयुष्याची अखेरची तीन वर्षे त्याने पुन्हा श्रोत्यांसमोर गाइले. गीतातील एका ग्रामनामाने ३५ वर्षांचे अंतर मिटविले.

महाराष्ट्रातील यास जवळचे उदाहरण म्हणजे जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी पुण्याहून आरंभलेल्या या कार्यात हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविण्यात आल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी या कार्यात सहभागी होऊन १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण आणि संगणकीय सूची सिद्ध केली. पॉइटविन २००४ मध्ये आणि राईरकर २०१० मध्ये निवर्तल्या. ही सामग्री गुडगाव येथील लोकसंगीतविषयक अभिलेखागारात व पुढे फ्रान्समध्ये जतन झाली. २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया' या संस्थेने ती लोकांपुढे आणली आणि जुन्या नोंदींतील गावांत जाऊन गायिकांचा शोध घेतला. बीड जिल्ह्यातील माजलगाव येथे १९९६ मध्ये मुद्रित झालेल्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरील ओव्यांच्या गायिकांकडेही कार्यकर्ते पुन्हा गेले. हे शक्य झाले, कारण प्रत्येक ओवीबरोबर गायिकेचे नाव आणि गाव नोंदविलेले होते.

ओवी छापली की दोन ओळींची दिसते. गाताना मात्र तीच ओवी जात्याच्या फेऱ्याबरोबर लांबते, चरणाची पुनरावृत्ती होते, मध्ये 'बाई'सारखे पालुपद येते आणि दुसरी स्त्री सूर उचलते. विजेवरची गिरणी आल्यावर हा श्रमाचा प्रसंगच संपला. अशा स्थितीत ध्वनिमुद्रण हाच त्या गायनाचा अखेरचा साक्षीदार उरतो.

खानदेशचा संदर्भ

खानदेशची मौखिक परंपरा समृद्ध आहे. आखाजीची झोक्यावरची गाणी, श्रावणातील कानबाईची गाणी, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुलींनी म्हटलेली गुलाबाईची गाणी, वहीगायन, सातपुड्यातील भिल्ल-पावरा गीते असा तिचा विस्तार आहे. या परंपरेचे सर्वोच्च शिखर म्हणजे असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१). त्यांची गाणी सोपानदेव व नात्यातील एका तरुणाने उतरवून घेतल्यामुळे वाचली आणि १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. पुढे 'मानिनी' (१९६१) या चित्रपटामुळे ती घरोघरी गेली. परंतु आज महाराष्ट्राच्या कानात जी चाल आहे ती चित्रपटसंगीताची आहे. शब्द वहीने राखले. गळा वहीला राखता आला नाही. जे बहिणाबाईंच्या बाबतीत घडले, ते अनाम गायिकांच्या बाबतीत अधिक खरे आहे.

१९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि बोलींतील गाण्यांना स्थानिक बाजार मिळाला. घरातील लग्न, भजन, कीर्तन यांचेही खासगी मुद्रण होऊ लागले. आषाढी एकादशीच्या रथोत्सवासाठी ओळखले जाणारे पिंप्राळा आज जळगाव महानगरपालिकेत समाविष्ट आहे. परिसरातील खेड्यांतून आलेल्या कुटुंबांच्या अशा वस्तीत जुन्या पेटीत पडलेली कॅसेट हीच कदाचित आजीच्या आवाजाची एकमेव खूण असते. तिच्यावर नाव नसते, ती वाजविणारे यंत्र घरात उरलेले नसते. घर बदलताना ती भंगारात जाते.

जतनाची पद्धती

महाविद्यालयीन पातळीवर हे कार्य पुढील टप्प्यांनी करता येते.

१) नोंद : गायकाचे नाव, गाव, प्रसंग, बोली, अंदाजे वर्ष आणि मुद्रण करणारी व्यक्ती यांची माहिती प्रथम लिहून घ्यावी. घरातील वृद्ध व्यक्ती हयात असतानाच हे शक्य असते.

२) हाताळणी : लाखेची मुद्रिका ठिसूळ असते, ती उभी ठेवावी. तिला जाड टोकाची सुई लागते. पुढील काळातील सूक्ष्म खाचेच्या तबकडीची सुई चालत नाही. आरंभीच्या मुद्रिकांची गती नेमकी ७८ फेरे असतेच असे नाही. गती चुकल्यास स्वरही चुकतो. फितीला ओल, उष्णता व चुंबक यांपासून दूर ठेवावे.

३) रूपांतर : मूळ प्रत संक्षेप न करता, किमान ४८ किलोहर्ट्झ व २४ बिट या आंतरराष्ट्रीय मानकानुसार साठवावी. खरखर काढलेली प्रत वेगळी ठेवावी. मूळ प्रतीत फेरफार करू नये.

४) हक्क : प्रतिमुद्राधिकार अधिनियम १९५७ नुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या कॅलेंडर वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे टिकतो. घरगुती मुद्रणाबाबत कुटुंबाची संमती घेणे हे कायद्याइतकेच सौजन्याचे आहे.

५) परतफेड : संग्रहित आवाजाची प्रत त्या कुटुंबाला व गावाला परत दिली पाहिजे.

समारोप

जुन्या ध्वनिमुद्रणांचा पुनर्शोध हा केवळ गतकाळाविषयीच्या ओढीचा विषय नाही. बोलीचा उच्चार, स्त्रियांच्या श्रमाची लय आणि गायकाची ओळख यांचा तो पुरावा आहे. मराठी, इतिहास, संगीत आणि संगणकशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन विद्यार्थ्यांच्या प्रकल्पकार्यातून आपल्या परिसरातील घरांची पाहणी केल्यास अल्प खर्चात मोठा संग्रह उभा राहू शकतो. ग्रंथ उशिरा छापला तरी चालतो. फितीवरचा आवाज मात्र थांबत नाही. तो दरवर्षी थोडाथोडा पुसला जातो.