मोगऱ्यात पांढरा रंग येतो कुठून?

बिदरला अंगणात आळं करायचं म्हणजे खुरप्याने भागत नाही, टिकाव लागतो. वीतभर मातीखाली जांभा. ताजा उकरला की कुऱ्हाडीने तासता येईल इतका मऊ, वारा लागला की टणक. त्यातलं लोखंड गंजून तो लाल झालेला असतो आणि ती तांबूस धूळ नखांत, पदराला, मोगऱ्याच्या खालच्या पानांवर बसलेली असते. सुट्टीत भालकीहून आलेल्या भाचीने एका सकाळी विचारलं, "आत्या, माती लाल, पानं हिरवी, मग मोगऱ्यात पांढरा रंग येतो कुठून?"

"देवाने दिला," म्हणून मी वेळ मारून नेली. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना.

उत्तराचं पहिलं टोक विजेच्या तारेवर बसलेलं सापडलं. आमच्याकडे पहाटे दयाळ गातो. उन्हाळा लागला की त्याला तोंड मिटायला सवड नसते. नर काळाकुळकुळीत, पंखावर पांढरा पट्टा, पोट पांढरं, कडक इस्त्री करून कोर्टात निघालेल्या वकिलासारखा. त्याच्या काळ्या रंगाला द्रव्य असतं, मेलॅनिन, आपल्या केसांत असतं तेच. ते पिसाला रंग देतं आणि चिवटही करतं. पांढऱ्या करकोच्यांच्या पंखांची टोकं काळी का, तर झिजतात तीच पिसं जास्त. पांढऱ्याचं द्रव्य मात्र नसतंच. पिसाच्या तेवढ्या भागात मेलॅनिन भरलं गेलं नाही, एवढंच. तिथे हवेच्या अतिसूक्ष्म पोकळ्या असतात. त्यांवर आपटून प्रकाश सगळीकडे उधळतो आणि आपल्याला पांढरं दिसतं. गोळेवाल्याची लादी आठवा. स्वच्छ बर्फ काचेसारखा आरपार, किसला की शुभ्र. त्याने रंग कुठे घातला? सरबत तर नंतर येतं.

हीच गोष्ट मी आमच्या गावातल्या चौबाऱ्याकडच्या, बिदरी भांडी घडवणाऱ्या कारागिरांकडे कितीदा पाहिली होती, पण लक्षात आली नव्हती. साधारण सोळा भाग जस्त आणि एक भाग तांबं असं ओतलेलं भांडं घासून गुळगुळीत केलं की करडं-पांढरं दिसतं. त्यावर रेघ उमटलेली कळत नाही, म्हणून कारागीर आधी मोरचुदाचं पाणी फिरवून ते तात्पुरतं काळं करतो आणि पोलादी टोकाने वेल काढतो. मुक्त हाताने. मग छिन्नीने रेघा कोरायच्या, त्यांत चांदीची तार ठोकून बसवायची, वरून पुन्हा घासायचं. या टप्प्याला सुरई हातात घेतली तर निराशाच होते. मोरचुदाचा काळा निघून गेलेला, करड्या अंगावर पांढुरकी चांदी; एवढा खटाटोप केलेली वेल दिसतच नाही.

मग माती येते. किल्ल्यातली, जुन्या बांधकामांच्या आडोशाची, वर्षानुवर्षं ऊन-पाऊस न लागलेली. बागेतली माती मी वासावरून ओळखते. हे लोक जिभेवर ठेवून ओळखतात. "चखके देखो," म्हणत एका उस्तादांनी चिमूटभर पुढे केली होती. मी चाखली, आणि वर दोन पेले पाणी प्यायले. नवसागर घालून पाण्यात कालवलेली ती माती तापवलेल्या भांड्यावर चोळतात, आणि बघता बघता अख्खं अंग काळं होतं. जस्त-तांब्याच्या पृष्ठभागावर काळा थर धरतो. चांदीवर त्या मिश्रणाचं काही चालत नाही. फूल उठून दिसावं म्हणून फुलाला कोणी काही करतच नाही, भोवतालचं सगळं काळं करतात. याच कामासाठी बिदरच्या शाह रशीद अहमद कादरींना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आमच्या गल्लीतसुद्धा पेढे वाटल्यासारखा आनंद होता.

भोवती काळं करून पांढरं दाखवायची ही युक्ती आणखी कुठेतरी पाहिल्याचं आठवलं, म्हणून माळ्यावरचा जुन्या मासिकांचा नि कॉमिक्सचा खोका काढला. आमच्या लहानपणी वेताळ दोन होते. एक 'चांदोबा'तला, विक्रमाच्या खांद्यावर लटकलेला, शंकर या सहीने चितारणाऱ्या के. सी. शिवशंकरन (१९२४–२०२०) यांचा. दुसरा इंद्रजाल कॉमिक्समधला, घोड्यावर बसलेला, ली फॉकने १९३६ साली अमेरिकेत जन्माला घातलेला. रेषेची ऐट पाहायची तर माझं मत शंकर यांनाच. पण त्या दिवशी डोळा अडकला दुसऱ्याच्या मुखवट्यावर. त्याच्या डोळ्यांत बुबुळं नाहीत! भोवती काळी शाई आणि मध्ये नुसता कोरा कागद. ज्या नजरेची आम्हाला दहशत होती, ती कोणी काढलेलीच नव्हती. तेवढी जागा सोडली होती.

भाचीला हाक मारली. मोगऱ्याची एक पाकळी तिच्या चिमटीत दिली आणि म्हटलं, दाब, पण नख लावू नकोस. पाकळीतही रंगद्रव्य नसतं. पेशींच्या मधल्या फटींत हवा असते आणि पिसासारखीच ती प्रकाश उधळते. दाबल्यावर हवा निघाली, फटींत रस भरला आणि बोटांखाली तेलाच्या कागदासारखा आरपार डाग पडला. तिने तो डोळ्याला लावून उन्हाकडे पाहिलं.

"अगं आत्या, पांढरा गेला कुठे?"

मग जाई झाली, तगर झाली. संध्याकाळी परडीत गजऱ्यापुरतंही धड फूल उरलं नव्हतं. जाता जाता तिने जास्वंदही चिरडून पाहिली. तिचा रंग गेला नाही, उलट हिचीच बोटं जांभळट झाली.