घर बांधताय? आधी सळईचे वजन करा!

शेतकरी बंधूंनो, बियाणे घेताना आपण पिशवीवरचे लेबल वाचतो, घरी उगवण तपासतो. पण गोठा, घर किंवा पाण्याची टाकी बांधताना दुकानदार देईल ती सळई उचलतो. बियाणे चुकले तर एक हंगाम जातो. सळई चुकली तर डोक्यावरचा स्लॅबच धोक्यात येतो.

भारतीय मानक ब्यूरोचे पश्चिम विभागीय कार्यालय मुंबईत आहे. १९४७ साली सुरू झालेल्या भारतीय मानक संस्थेचे १९८७ साली ब्यूरोत रूपांतर झाले. पण ‘आयएसआय’ हा शिक्का जुन्याच नावाने चालू आहे.

स्लॅबच्या सळईचे मानक आहे आयएस १७८६. प्रयोगशाळेत सळईचा तुकडा यंत्राच्या दोन जबड्यांत धरून तुटेपर्यंत ओढतात. ‘एफई ५००’ प्रतीची १२ मिलिमीटरची सळई सुमारे ५ हजार ७०० किलोच्या ओढीपर्यंत कायमची लांबता कामा नये. पुढे तुटताना मात्र ती निदान १२ टक्के ताणली गेली पाहिजे. म्हणजे ६० मिलिमीटरच्या खुणा ६७ च्या पुढे जायला हव्यात. ताण कशाला, असे तुम्ही विचाराल. चांगले लोखंड आधी ताणते, वाकते, स्लॅबला भेगा पडतात आणि घरच्यांना बाहेर पडायला वेळ मिळतो. ठिसूळ लोखंड इशारा न देताच तुटते.

हे यंत्र आपल्या घरी नाही, पण काटा तर आहे! बरोबर एक मीटर तुकडा कापून वजन करा. ८ मिलिमीटरची सळई ३९५ ग्रॅम, १० ची ६१७, १२ ची ८८८ ग्रॅम भरली पाहिजे. एका तुकड्यात १० मिलिमीटरपर्यंत ८ टक्के आणि १२ ला ६ टक्के, एवढीच घट चालते. त्याहून हलकी असेल तर परत करा. ‘आम्ही किलोवर घेतो, मग फसवणूक कसली?’ असे काही जण म्हणतात. पण इंजिनिअर सळ्या मोजून सांगतो. सळई बारीक असली तर मोजणी बरोबर आणि लोखंड कमी, असे होते.

खरेदीच्या वेळी पेंडीच्या बिल्ल्यावर आयएसआय शिक्का आणि ‘सीएम/एल’ क्रमांक पाहा. मोबाइलवरच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये तो क्रमांक घातला की परवाना कोणाचा आणि चालू आहे की नाही, ते कळते. पक्की पावती घ्यायला विसरू नका.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींना एक विनंती. शाळेची खोली असो की पाण्याची टाकी, स्लॅब टाकायच्या दिवशी समोर उभे राहून काँक्रीटचे १५ सेंटीमीटरचे ठोकळे भरून घ्या. त्यांवर तारीख घाला, दुसऱ्या दिवशी साच्यातून काढून पाण्यात ठेवा आणि २८ दिवसांनी दाबून तपासायला पाठवा. ‘एम २०’ काँक्रीटचा ठोकळा साधारण ४५ टन दाब सोसतो. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या गुणनियंत्रण प्रयोगशाळेत किंवा जवळच्या शासकीय तंत्रनिकेतनात चौकशी करा. अहवाल हातात आल्यावरच शेवटचे बिल काढा.

तपासणीचा खर्च बांधकामाच्या मानाने किरकोळ असतो. स्लॅब पडल्यावर मात्र हिशेब पैशात होत नाही.