लंडनला गेलेले नकाशे : चार्ल्स कोरियांच्या कारकिर्दीचा मागोवा

ब्रिटनमधील वास्तुविशारदांच्या रॉयल इन्स्टिट्यूटने 2013 च्या मे महिन्यात लंडनमध्ये चार्ल्स कोरिया यांच्या समग्र कारकिर्दीचे प्रदर्शन भरवले. निवड आयरीना मरे यांची होती, मांडणी डेव्हिड अजाये यांची. कोरियांनी आपले सहा हजारांवर नकाशे व रेखाटने याच संस्थेच्या संग्रहाला दिली आणि त्यांतूनच हे प्रदर्शन उभे राहिले. 1984 साली याच संस्थेने त्यांना रॉयल सुवर्णपदक दिले होते, त्यामुळे देणगी तिकडे जाण्यात नवल नव्हते. पण ज्या इमारती मुंबई, बेलापूर, पणजी, भोपाळ आणि कोलकात्यात उभ्या आहेत, त्यांचे मूळ कागद परदेशात जावेत आणि इथल्या विद्यार्थ्याला ते पाहायला परदेशवारी करावी लागावी, ही भारतातल्या संस्थांना लागायला हवी अशी गोष्ट आहे.

कोरियांचा जन्म 1930 मध्ये सिकंदराबादला, गोव्याच्या कुटुंबात झाला. मिशिगन आणि एमआयटी इथले शिक्षण संपवून त्यांनी 1958 मध्ये मुंबईत स्वतःचे कार्यालय थाटले. साबरमती आश्रमातील गांधी स्मारक संग्रहालय हे पहिले मोठे काम 1963 मध्ये पूर्ण झाले. विटांचे खांब, कौलारू छपरे, काच नाही आणि मधोमध पाण्याचा चौक. वारा, सावली आणि उघडे आकाश यांनाच बांधकामाचे साहित्य मानण्याची त्यांची रीत इथे पक्की झाली. या आरंभीच्या वर्षांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. कारकिर्दीचा खरा कस लागला तो 1964 ते 1975 या काळात, आणि तो इमारतींपेक्षा शहराच्या प्रश्नावर.

1964 मध्ये मुंबईच्या विकास आराखड्यावर हरकती मागवल्या होत्या. कोरिया, प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल या तिघांनी वेगळाच प्रस्ताव मांडला. मुंबई दक्षिणोत्तर चिंचोळी वाढत आहे, कचेऱ्या सगळ्या दक्षिण टोकाला आणि घरे उत्तरेला, तेव्हा खाडीपलीकडे पूर्वेला नवे शहर वसवावे, असे त्यांचे म्हणणे होते. ‘मार्ग’ या नियतकालिकाने 1965 मध्ये यावर अंकच काढला. सरकारने कल्पना मान्य केली, 1970 मध्ये त्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झाले आणि कोरिया 1975 पर्यंत नव्या मुंबईचे प्रमुख वास्तुविशारद राहिले. वीस लाख वस्तीचे शहर डोळ्यांसमोर होते. जमीन सरकारने आधी घ्यायची, शहर वाढेल तशी तिची किंमत वाढेल आणि त्या पैशातून रस्ते, पाणी, रेल्वे आणि गरिबांची घरे करायची, असे गणित होते.

या गणिताला एकच अट होती : राज्य सरकारने स्वतः खाडी ओलांडायची. सचिवालय गेले असते तर त्यामागून कचेऱ्या, बँका आणि नोकऱ्या गेल्या असत्या. ते घडले नाही. उलट त्याच दशकात बॅकबेमध्ये भराव घालून नरिमन पॉइंटवर एकामागून एक मनोरे चढले आणि 1981 मध्ये नवे विधान भवनही तिथेच उभे राहिले. एका हाताने नवे शहर मांडायचे आणि दुसऱ्या हाताने त्याचा पाया काढून घ्यायचा, असा तो कारभार होता. वाशीला लोकल पोहोचायला 1992 उजाडले. तोपर्यंत नवी मुंबई ही झोपायला परतणाऱ्यांचे गाव म्हणूनच वाढली. या अपयशाचे खापर नियोजनकारांवर फोडण्याची सवय चुकीची आहे. निर्णय मंत्रालयात झाला नाही, म्हणून शहर अडले.

आराखड्याची स्वतःची उणीवही मोठी होती. पंचाण्णव गावांच्या शेतकऱ्यांचे, मिठागरवाल्यांचे आणि कोळ्यांचे त्या वाढत्या किमतीत काय, याचे उत्तर त्यात नव्हते. ते 1984 च्या जानेवारीत शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या आंदोलनाने मागितले. गोळीबारात पाच माणसे गेली, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली.

नव्या मुंबईच्या आखणीच्या काळातच सुचलेले दोन प्रयोग जवळून पाहण्याजोगे आहेत. पहिला न बांधलेला. फोर्टमधल्या दादाभाई नवरोजी रस्त्याच्या पदपथावर ओट्यांची रांग करावी, दिवसा तिथे फेरीवाल्यांनी बसावे, संध्याकाळी नळाच्या पाण्याने ओटे धुवावेत आणि रात्री ज्यांना घर नाही त्यांनी त्यावर निजावे, एवढाच तो प्रस्ताव. दुसरा कुंबाला हिलवरचा कांचनजुंगा मनोरा. आराखडे 1970 चे, बांधकाम 1983 ला पूर्ण. मुंबईत वारा पश्चिमेकडून येतो आणि समुद्रही तिकडेच दिसतो, पण दुपारचे ऊन आणि पावसाचा मारा त्याच बाजूने. जुन्या बंगल्यांनी यावर चहूबाजूंनी व्हरांड्याचा तोडगा काढला होता. कोरियांनी अठ्ठावीस मजल्यांच्या कोपऱ्याकोपऱ्यांत दुमजली उंचीच्या बागा कोरून तो व्हरांडा वर नेला. काँक्रीटची रचना शिरीष पटेलांची. एक प्रयोग फुटपाथवर झोपणाऱ्यासाठी, दुसरा शहरातल्या सर्वांत श्रीमंतांसाठी, आणि बांधला गेला तो दुसरा.

पहिल्याची भरपाई काही अंशी बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये झाली (1983 ते 1986). आठ मीटर चौकाभोवती सात घरे, असे तीन पुंजके मिळून बारा मीटरचा मोठा चौक, मग त्याहून मोठा. कोणत्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही, म्हणजे शेजाऱ्याला न विचारता घर वाढवता येते. भूखंड साधारण 45 ते 70 चौरस मीटरचे, त्यामुळे गरीब आणि सुस्थितीतला यांच्या जागेत फारसा फरक नाही. मूळची कौलारू घरे आज बहुतेक पाडून तिथे मजले चढले आहेत. घर वाढावे हे कोरियांनाच हवे होते; पण झाडे आणि चौक यांचा जो तोल त्यांनी साधला होता तो त्यात हरवत गेला, हे दुःख आहेच.

पुढची वर्षे मानसन्मानांची : भोपाळचे भारत भवन, जयपूरचे जवाहर कला केंद्र, पुण्याचे आयुका, शेवटी बोस्टन, लिस्बन आणि टोरांटो. या काळातला एकच कडू अध्याय नोंदवायला हवा. 1996 मध्ये गिरणगावातल्या सरकारी गिरण्यांच्या जमिनीसाठी त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मोकळ्या जागा, सार्वजनिक घरे आणि विक्री यांची सांगड घालणारा एकत्रित आराखडा तिने दिला. 2001 च्या नियमबदलाने सार्वजनिक वापरासाठीच्या वाटणीत फक्त गिरणीतली मोकळी जमीन धरली गेली, आणि लोअर परळचे आजचे रूप त्यातून आले.

कोलकात्याचे काम उशिराचे. शहराच्या पूर्वेची पाणथळ जमीन भरून वसवलेले सॉल्ट लेक हे नव्या मुंबईचे समकालीन. त्याचा आराखडा युगोस्लाव नियोजक दोब्रिवोये तोश्कोविच यांचा. 2004 मध्ये कोरियांनी तिथे सिटी सेंटर बांधले. बाजार म्हणजे बंद, वातानुकूलित पेटी ही त्या वेळची रूढ कल्पना त्यांनी नाकारली. उघड्या गल्ल्या, लहानमोठी दुकाने आणि मधोमध पायऱ्यांचे कुंड. काही विकत न घेताही त्या पायऱ्यांवर बसता येते, आणि अड्डा हा ज्या शहराचा प्राण आहे त्याने ते कुंड लगेच आपले केले. लंडनचे प्रदर्शन भरले त्याच 2013 मध्ये पश्चिम बंगाल सरकारने रायटर्स बिल्डिंग सोडून हुगळीपार हावड्याच्या ‘नबान्न’मध्ये कारभार हलवला. कारण जुन्या इमारतीच्या डागडुजीचे होते, पण सरकार नदी ओलांडू शकते हे सिद्ध झाले. महाराष्ट्राला पन्नास वर्षांत तेवढेही जमले नाही.

16 जून 2015 रोजी कोरिया मुंबईत गेले. पणजीत मांडवीकाठी त्यांनी उभारलेली कला अकादमी 2019 मध्ये पाडण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. विरोध झाल्यावर नूतनीकरण काढले गेले आणि त्या कामातच जुलै 2023 मध्ये खुल्या रंगमंचावरचे छत कोसळले. वास्तू पुन्हा खुली झाल्यावर ध्वनी, प्रकाश आणि गळतीच्या तक्रारी कलावंतांनीच मांडल्या. त्या तपासण्यासाठी गोवा सरकारने नाट्यदिग्दर्शक विजय केंकरे यांच्या नेतृत्वाखाली कृतिदल नेमले.