खोटं कोण बोलतंय, स्पीकर की खोली?

आजचा भाग एका श्रोत्याच्या ईमेलवरून. हे गृहस्थ त्यांच्या बुवांचे अभंग घरीच रेकॉर्ड करतात. बुवा पंचाहत्तरीच्या पुढचे, आवाज अजून लागतोय तेवढ्यात वीसेक अभंग करून ठेवायचेत. अडचण अशी, की खोलीत मिक्स गोड वाटतो, पण गाडीत आणि देवळातल्या स्पीकरवर बुवा षड्जावर थांबले की नुसतं घुमतं. त्यांचा प्रश्न: ४० हजारांचे नवे मॉनिटर घेऊ का?

थांबा. आधी मोजू. सर्व्हर बदलायच्या आधी लॉग बघतो ना आपण, तसं.

लागतं काय? एक मेझरमेंट माइक आणि 'रूम ईक्यू विझार्ड' हे मोफत सॉफ्टवेअर. यूमिक-१ सारख्या यूएसबी माइकची कॅलिब्रेशन फाइल सीरियल नंबर टाकून मिळते, ती लोड करायची. फोनचा माइक यात चालत नाही, तो खालचे सूर बहुतेक वेळा कापूनच टाकतो. माइक आपल्या कानांच्या जागी ठेवायचा, पंखा बंद, आणि २० हर्ट्झपासून २० हजार हर्ट्झपर्यंतचा स्वीप वाजवायचा. आधी फक्त डावा स्पीकर, मग फक्त उजवा. दोन्ही एकत्र वाजवले तर कोणाचं काय ते कळत नाही. कुकरच्या शिट्ट्या संपल्यावर, रात्री करा. स्वीप खालच्या पट्टीत असताना माळ्यावरची स्टीलची भांडी थरथरली तर तीही ग्राफमध्ये येतात, हसू नका, येतात.

गृहस्थांच्या ग्राफमध्ये १३९ हर्ट्झच्या आसपास, दोन्ही स्पीकरला, चांगला १२ डेसिबलचा खड्डा होता. आणि बुवा गातात काळी एकमध्ये. काळी एकचा मध्य षड्ज म्हणजे १३८.६ हर्ट्झ. म्हणजे बुवांचा सा नेमका खड्ड्यात! खोलीत तो कमी ऐकू येतो, म्हणून मिक्स करताना माणूस तो वाढवतो. देवळात तो खड्डा नसतो, तिथे वाढवलेला सा घुमतो.

आता हा खड्डा स्पीकरचा की खोलीचा? खड्डा एकाच बाजूला असता तर डावा-उजवा अदलाबदल करून बघितलं असतं: स्पीकरबरोबर सरकला तर स्पीकरचा, जागेवर राहिला तर खोलीचा. इथे मॉडेल एकच आणि खड्डा दोन्हीकडे, त्यामुळे ही युक्ती काही सांगत नाही. मग माइक वूफरच्या कोनपासून दोन-तीन सेंटीमीटरवर आणायचा, व्हॉल्यूम बराच कमी करायचा, आणि पुन्हा स्वीप. इतक्या जवळ थेट आवाज एवढा मोठा असतो की खोलीचा परतलेला आवाज त्यापुढे नगण्य. गृहस्थांनी हे केलं आणि १३९ ला रेघ सपाट आली. मॉनिटर निर्दोष सुटले.

मग गुन्हेगार कोण? मागची भिंत. खालचे सूर स्पीकरच्या पुढेच जात नाहीत, मागेही पसरतात, भिंतीवर आपटून परत येतात. स्पीकरचा दर्शनी भाग भिंतीपासून ६२ सेंटीमीटरवर होता, म्हणजे परतणारा आवाज १२४ सेंटीमीटर जास्त चालतो. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४५ मीटर धरला तर १३९ हर्ट्झची तरंगलांबी २.४८ मीटर, आणि १२४ म्हणजे तिच्या बरोबर निम्मे. परतलेली लाट उलटी येते आणि मूळ लाटेला खाते.

हा खड्डा ईक्यूने बुजत नाही. सूर १० डेसिबल वाढवलात तर उलटी लाटही तितकीच वाढते. ॲम्प्लिफायरला मात्र दहापट काम.

गृहस्थांनी स्पीकर मागे सरकवले, दर्शनी भाग ३५ सेंटीमीटरवर. खड्डा २४५ हर्ट्झच्या आसपास गेला, आणि तिथे चार इंची रॉकवूलचं पॅनल बरंच काम करतं. भिंतीजवळ आल्याने खालचा आवाज थोडा फुगतो, त्यासाठी मॉनिटरच्या मागचा स्विच असतो. एक इंची फोम आणि अंड्यांचे ट्रे यांचा इथे काही उपयोग नाही.

खोली १० बाय १० आहे, त्यामुळे एक डोंगर राहिलाच. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, ३४५ भागिले ६.१, साधारण ५७ हर्ट्झ. लांबी-रुंदी सारखी म्हणून दोन्हीकडून तोच सूर साठतो. ५७ हर्ट्झचा सूर लावून भिंतीपासून मधोमध चालत जा: भिंतीशी घुमतो, मध्यावर जवळपास गायब. त्याला कोपऱ्यात जाड बेस ट्रॅप लागतील, जागा असेल तर. पण बुवांचा आवाज एवढा खाली जात नाही, तेव्हा अभंगांपुरती घाई नाही.

आणि मुख्य म्हणजे बुवांना पुन्हा गायला लावायचं कारण नाही. खोट मिक्समध्ये आहे, मूळ ट्रॅकमध्ये नाही. १४० च्या आसपास वाढवलेलं ईक्यू काढा, स्पीकर सरकवलेल्या खोलीत परत बसा.

तुमच्या खोलीचा ग्राफ पाठवणार असाल तर एमडॅट फाइल पाठवा. स्क्रीनशॉट नको, त्यात मला काहीच बदलून बघता येत नाही.